लांब काठी, वाकडा चेंडू



मागच्या महिन्यात आपण प्रेशर कुकरच्या शिट्टीमागचं विज्ञान पाहिलं. या वेळचा प्रश्न माझ्या आपाच्या घरून आला, आणि तो घेऊन आपा स्वतःच आली. भर दुपारी, रिक्षा करून. आपा रिक्षा करते म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

तिची भिशी लागली होती. चाळीस हजार रुपये. त्यातून धाकट्याची एक फी भरायची असं घरात ठरलं होतं. आता तो म्हणत होता, फी राहू द्या, आधी मला ‘ड्रायव्हर’ घेऊन द्या. माझ्या पत्नीने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिथूनच विचारलं, “आपा, गाडी कधी घेतली?”

गाडी नाही. ड्रायव्हर हे गोल्फमधल्या सर्वांत लांब काठीचं नाव. माझा हा भाचा पुण्यात एका गोल्फ मैदानावर कॅडी आहे. सभासदांच्या काठ्यांची पिशवी घेऊन चार-पाच तास त्यांच्याबरोबर चालायचं, चेंडू शोधायचा, वारा कुठला आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असतं, तेव्हा कॅडींना खेळू देतात. तिथेच तो शिकला. चांगला शिकला असं बाकीचे कॅडी सांगतात. आता त्याला व्यावसायिक खेळाडूंच्या पात्रता फेरीत उतरायचं आहे. भिशीतली फी त्यासाठीच होती.

“पण मामू,” तो फोनवर म्हणाला, “माझा नऊ नंबरचा आयर्न बघा, दोरीसारखा सरळ जातो. सात नंबरही सरळ. आणि ड्रायव्हर हातात घेतला की चेंडू आधी बरा निघतो आणि मग उजवीकडे वळत वळत झाडीत. माझं मारणं चुकीचं असतं तर सगळ्याच काठ्यांनी चुकलं असतं ना? म्हणजे काठीच खराब आहे. दुकानवालाही तेच म्हणाला.”

दुकानवाला दुसरं काय म्हणणार, हा विचार मी मनातच ठेवला. पण पोराचा युक्तिवाद ऐकायला पक्का होता. त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. मी आयुष्यात गोल्फ खेळलेलो नाही. छत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र मात्र शिकवलं आहे. मी आपाला म्हटलं, “आठ दिवस पैसे हलवू नको.”

चेंडू असा उजवीकडे वळत जाण्याला गोल्फमध्ये स्लाइस म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं हे जगभरातलं जुनं दुखणं आहे. बहुतेकांची तक्रारही भाच्यासारखीच असते, छोट्या काठ्या ऐकतात, लांब काठ्या ऐकत नाहीत.

आधी चेंडू हवेत वळतो का, ते पाहू. टेनिसचा चेंडू तिरका फटका मारल्यावर वळतो हे न्यूटनने १६७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे १८५२ च्या सुमारास जर्मनीतल्या माग्नुस या शास्त्रज्ञाने फिरत्या वस्तूवर हवेचा बाजूने रेटा कसा येतो याचे प्रयोग केले. त्यावरून या परिणामाला त्याचंच नाव पडलं. आपल्या पोरांना हे क्रिकेटमुळे ठाऊक असतं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत थोडा सरकतो, ती हीच गोष्ट.

गोल्फच्या चेंडूला मात्र या फिरकीची गरज असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ते शोधून काढलं एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक पीटर टेट यांनी. टेट स्वतः गोल्फवेडे होते. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट तर १८९६ आणि १८९८ अशी दोनदा ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकला होता. बापाने चेंडूला लांब फीत बांधून तो मारून पाहिला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजलं. (शाळेत मी हा प्रयोग नेहमी सांगायचो. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.) चेंडू मागच्या दिशेने गरगर फिरत जातो आणि ती फिरकीच त्याला हवेत उचलून धरते, असं टेट यांनी दाखवलं. ती नसेल तर चेंडू लवकर खाली येतो. १९१० मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांनीही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिलं. मोठमोठी माणसं या छोट्या चेंडूमागे लागली होती.

तर चेंडू मागे फिरतो. ज्या आसाभोवती तो फिरतो तो आस जमिनीला समांतर असला की रेटा सरळ वर येतो आणि चेंडू सरळ जातो. आस उजवीकडे झुकला की तोच रेटा वर आणि थोडा उजवीकडे येतो. विमान वळताना एका पंखावर कलतं ना, तसं. स्लाइस म्हणजे फक्त आसाचा हा कल आहे. ‘बाजूची फिरकी’ म्हणून वेगळी काही फिरकी चेंडूला नसते. चेंडू एकाच वेळी एकाच आसाभोवती फिरतो. तो आस सरळ आहे की कलता, एवढाच प्रश्न.

हा कल येतो कुठून? काठीच्या डोक्याचा सपाट भाग, ज्याला खेळाडू फेस म्हणतात, तो आदळताना एका दिशेला पाहत असतो. ते डोकं स्वतः मात्र दुसऱ्याच दिशेला जात असतं. हातात टॉर्च धरून चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. तो एका दिशेने चालतोय आणि टॉर्चचा उजेड जरा उजवीकडे पडतोय. उजेड आणि चाल यांत जितका फरक, तितका आसाचा कल. चेंडू सुरुवातीला कुठे निघतो ते मुख्यतः उजेडावर, म्हणजे फेसच्या दिशेवर ठरतं. तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा त्याचाच. मग तो वळतो तो उजेड आणि चाल यांच्यातल्या फरकामुळे.

पूर्वीची पुस्तकं नेमकं उलटं शिकवायची. चेंडू काठीच्या वाटेने निघतो आणि मग फेसच्या दिशेने वळतो, असं त्यांत असे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गनसन यांनी गोल्फच्या भौतिकशास्त्रावरच्या पुस्तकात हा गुंता गणिताने सोडवला होता. पण खेळाडूंचा विश्वास बसला तो नंतर, डेन्मार्कमध्ये बनलेलं ट्रॅकमॅन नावाचं रडार मैदानावर आल्यावर. रस्त्यावर गाडीचा वेग मोजणारं रडार असतं त्याच जातीचं. त्याने चेंडू आणि काठी दोन्हींचा माग काढून दाखवला.

आता मूळ कोडं. फेस आणि वाट यांत फरक पडण्याची चूक एकच असेल, तर ती नऊ नंबरमध्ये दिसत का नाही?

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण फेसच्या उताराचं आहे. प्रत्येक काठीचा फेस मागे कललेला असतो. ड्रायव्हरचा साधारण ९ ते १२ अंश, नऊ नंबरचा ४० अंशांच्या आसपास. उतार जास्त म्हणजे मागची फिरकी जास्त. मोठ्या व्यावसायिक खेळाडूंच्या ड्रायव्हरचा चेंडू मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे घेतो, तर छोट्या वेज काठीने मारलेला नऊ हजारांच्या वर.

समजा आपल्याकडून फेस आणि वाट यांत ५ अंशांचा फरक पडला. दोन्ही काठ्यांत तोच. ड्रायव्हरमध्ये उभा उतार जेमतेम १३ अंशांचा, त्यात आडवे ५ अंश मिसळले. ढोबळ हिशेबाने आस २१ अंश कलतो. नऊ नंबरमध्ये उभे ४० अंश, त्यात तेच ५ अंश मिसळले. कल फक्त ७ अंश. पातेलंभर दुधात चमचाभर हळद आणि कपभर दुधात चमचाभर हळद, एवढाच फरक आहे. हळद तेवढीच. पण एकाचा रंग जेमतेम बदलतो, दुसरं पिवळंधमक होतं.

शिवाय ड्रायव्हरचा चेंडू जातो दुप्पट लांब. कल तिप्पट आणि अंतर दुप्पट, मग झाडी जवळ येणारच.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मामू, नऊ नंबरमध्येही मी चुकतोच आहे?”

तेच तर. पण ते बघितल्याशिवाय मी म्हणणार नव्हतो. म्हणून पुढच्या सोमवारी सकाळी सात वाजता, गुडघ्याला पट्टा बांधून, मी त्याच्या मैदानावर हजर झालो. आपाही आली. तिला इतकं हिरवं गवत पाहून एकच प्रश्न पडला, “इतकं पाणी रोज?” त्याचं उत्तर मी नंतर कधीतरी देईन.

त्याने नऊ नंबरने दहा चेंडू मारले. दुरून पाहणाऱ्याला सगळे सरळ. मी त्याच्या मागे उभा होतो आणि समोर एक गुलमोहोर होता, तो खूण म्हणून धरला होता. दहातले सात चेंडू त्या झाडाच्या जरा डावीकडे पडले. वळले नाहीत, पण निघालेच डावीकडे. “ते चालतं, मामू, हिरवळीवरच आहेत,” तो म्हणाला. पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्याची काठी बाहेरून आत येत होती. म्हणजे चेंडूच्या पलीकडच्या बाजूने खाली येऊन, चेंडूला लागून, त्याच्या स्वतःच्या अंगाकडे ओढली जात होती. छोटी काठी ही चूक डावीकडच्या सरळ फटक्यात लपवत होती. लांब काठी चुगली करत होती.

दुसरं कारण समजावायला मला शब्द पुरले नाहीत. माझे मेव्हणे, म्हणजे भाच्याचे अब्बा, सायकलचं दुकान चालवतात. मैदानावरून आम्ही थेट दुकानात गेलो आणि मी एक रिम मागितली. चमकू नका, तुम्हीही घरात मोठी परात किंवा चाळणी घेऊन करून पाहा.

रिम जमिनीवर टेकवून आपल्याकडे कलती धरायची. काठीचं डोकं साधारण या रिमच्या कडेने फिरतं असं समजा. रिम जिथे टेकली आहे तो सर्वांत खालचा बिंदू. आता कडेवरून डावीकडच्या लक्ष्याच्या दिशेने बोट फिरवा. खालच्या बिंदूच्या आधी बोट खाली जात असतं आणि त्याच वेळी आपल्यापासून दूर, बाहेर जात असतं. बिंदू ओलांडला की वर जातं आणि आपल्याकडे, आत येतं. रिम अख्खी सरळ ठेवली असली तरी!

आयर्नने चेंडू जमिनीवरून मारायचा असतो, काठी खाली येत असतानाच तो लागतो. म्हणजे ‘बाहेर जाण्याच्या’ भागात. ड्रायव्हरचा चेंडू टी नावाच्या छोट्या खुंटीवर उंच ठेवतात, आणि तोही पुढे, डाव्या टाचेसमोर. काठी वर जाऊ लागल्यावर तो लागतो. म्हणजे ‘आत येण्याच्या’ भागात. त्यात लांब काठी म्हणजे खेळाडू चेंडूपासून दूर उभा, आणि रिम जास्त आडवी. ड्रायव्हर साधारण ४५ इंचांचा, नऊ नंबर ३६ इंचांच्या आसपास. नऊ इंच जास्त. रिम जितकी आडवी, तितकं वर जाताना आत येणं जास्त.

आता भाच्याचा हिशेब मांडू. त्याची अख्खी रिमच लक्ष्याच्या ३ अंश डावीकडे वळलेली आहे असं धरा. नऊ नंबर ४ अंश खाली येताना लागला, तर बाहेर जाण्याचे साधारण २ अंश परत मिळतात. वाट उरली १ अंश डावीकडे. चूक जवळजवळ पुसली गेली. ड्रायव्हर ३ अंश वर जाताना लागला, तर आत येण्याचे पावणेतीन अंश वाढतात. वाट झाली जवळजवळ ६ अंश डावीकडे. खेळाडू तोच, हात तेच, चूक तीच ३ अंशांची. एका काठीत ती एकावर आली, दुसरीत सहावर गेली. मग त्यावर उताराचं ते आधीचं गणित. एक अंशाने नऊ नंबरचा आस दीड अंशही कलत नाही. सहा अंशांनी ड्रायव्हरचा पंचवीसच्या घरात जातो.

मेव्हणे रिम हातात घेऊन बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “भाई, मी तीस वर्षं रिमा सरळ करतोय. ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.”

तिसरं कारण थोडक्यात सांगतो. ड्रायव्हरचं डोकं फुगीर असतं, नियमाप्रमाणे ४६० घनसेंटिमीटरपर्यंत. त्याचं वजन दांड्यापासून बरंच दूर आणि मागे असतं. आयर्नचं डोकं चपटं आणि आटोपशीर. रुंद दरवाजा आणि छोटी खिडकी एकाच झटक्याने लोटून बघा. खिडकी आधी बंद होते. फेसही आदळण्याच्या क्षणापर्यंत फिरून सरळ व्हावा लागतो. ड्रायव्हरमध्ये तो दरवाजासारखा मागे रेंगाळतो, उघडा राहतो. आणि उघडा फेस म्हणजे उजवीकडे.

चौथं कारण मात्र दुकानातच सापडलं, तेही फुकटात. मेव्हण्यांकडे ट्यूबला लावायची पांढरी पावडर होती. मी भाच्याला म्हटलं, फेसवर हलकेच लाव आणि उद्या मारून बघ, ठसा कुठे उमटतो. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. ठसे मध्यावर नव्हते, दांड्याच्या बाजूला होते. टाचेवर, असं खेळाडू म्हणतात. ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसपासून बरंच मागे असल्याने टाचेवर चेंडू लागला की डोकं जरा फिरतं. मग दोन दातेरी चक्रं एकमेकांत अडकावी तशी चेंडूला उलटी फिरकी मिळते, आणि ती नेमकी स्लाइसचीच असते. म्हणूनच ड्रायव्हरचा फेस सपाट नसून किंचित फुगवलेला असतो, म्हणजे टाचेचा चेंडू जरा डावीकडे निघून वळत मध्यावर यावा. आयर्नचं वजन फेसलाच चिकटून असल्याने तिथे हा प्रकार जवळजवळ नसतो. टाचेवर लागला तर चेंडू कमी जातो, इतकंच.

एवढं सगळं कळल्यावर भाच्याच्या जुन्या काठीचा प्रश्न आला. एका सभासदाने टाकून दिलेली ती काठी होती. उतार फक्त ९ अंश, दांडा कडक. म्हणजे दुकानवाला अगदीच खोटं बोलत नव्हता. कमी उतार म्हणजे थोडं दूध आणि तीच हळद. हल्ली टाचेकडे वजन देऊन बनवलेले ड्रायव्हर मिळतात. त्यांनी फेस लवकर बंद व्हायला मदत होते, स्लाइस थोडी घटते. पण कुठलीही काठी रिमची दिशा बदलून देत नाही. चाळीस हजारांत त्याला त्याच चुकीचं थोडं मवाळ रूप मिळालं असतं.

स्लाइसचा एक सापळा आहे आणि त्यात तो वर्षभर अडकला होता. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस उभाच राहतो डावीकडे तोंड करून. खांदे डावीकडे, म्हणून रिम आणखी डावीकडे, म्हणून फेस आणि वाट यांतला फरक आणखी मोठा, म्हणून चेंडू आणखी उजवीकडे. मग तो आणखी डावीकडे वळतो. मैदानावर मला वाटलं होतं तो बाजूच्या झाडावरच्या कावळ्यावर नेम धरतोय.

मी शिकवणारा माणूस, खेळणारा नाही. म्हणून पुढचं मी त्याच्याबरोबरच्या एका वयस्कर कॅडीवर सोपवलं. त्यांनी सगळ्यात आधी त्याचे हात पाहिले. डावा हात दांड्यावर इतका डावीकडे फिरवलेला होता की वरून बघताना बोटाचं एकच पेर दिसायचं. त्यांनी तो उजवीकडे वळवून अडीच पेरं दिसतील असा बसवला. अशा पकडीत फेस आपसूक बंद होतो. भाच्याला पहिले चार दिवस दुसऱ्याचाच हात लावल्यासारखं वाटत होतं. सगळे चेंडू डावीकडे. तो घाबरला. ते म्हणाले, घाबरू नकोस, फेस बरा झाला, आता वाट बरी कर.

वाटेसाठी चेंडूच्या पलीकडे आणि जरा मागे त्यांनी चहाच्या पुड्यांचा रिकामा खोका ठेवला. काठी बाहेरून आली की खोका उडणार. पहिल्या दिवशी सहा खोके फुटले. टपरीवाल्याने सातवा द्यायला नकार दिला. खांदे सरळ करायला जमिनीवर एक काठी आडवी ठेवली. ड्रायव्हर इंचभर खाली पकडायला सांगितला. आणि अरुंद मैदानावर ड्रायव्हर नकोच, ३ नंबरचा वूड घे, असं बजावलं. त्याचा उतार १५ अंश, लांबी ४३ इंच. वीस-पंचवीस यार्ड कमी जाईल, पण चेंडू गवतावर सापडेल.

हे म्हातारबुवा स्वतः कॅडीच राहिले, पण त्यांच्या तोंडी नावं मोठी असतात. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये पुन्हा जिंकले. १९९८ मध्ये कोलकात्याचे फिरोझ अली. रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानावर गवत राखणाऱ्याचा मुलगा, एस. एस. पी. चौरासिया, २००८ मध्ये इंडियन मास्टर्स घेऊन गेला. ही मुलं उधारीच्या, टाकलेल्या काठ्यांनी शिकली, असं सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

आणखी एक गंमत त्यांनीच सांगितली. उजवीकडे वळणारा प्रत्येक चेंडू रोगी नसतो. अमेरिकेचे बेन होगन आधी उलट्या, डावीकडच्या वळणाने हैराण होते. मग त्यांनी मुद्दाम चेंडू किंचित उजवीकडे वळवायला शिकून घेतलं आणि त्यावर मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या. ली ट्रेव्हिनोंचंही तेच. त्याला फेड म्हणतात. फरक दोन-तीन अंशांचा आणि तो आपल्या हातातला असला की फेड. सहाचा आणि हाताबाहेरचा असला की झाडी.

पाच आठवडे झाले. परवा संध्याकाळी भाचा घरी आला, पावडर लावलेल्या फेसचा नवा फोटो घेऊन. दहापैकी सहा ठसे मध्यावर, तीन अजून टाचेकडे, एक कुठे गेला ते त्याचं त्यालाच माहीत. ड्रायव्हरचा चेंडू अजूनही उजवीकडे वळतो, पण झाडीपर्यंत पोहोचत नाही. नऊ नंबरचे चेंडू गुलमोहोराच्या डावीकडे पडायचे बंद झाले, याचं त्याला जास्त आश्चर्य वाटत होतं. ती काठी तर सरळच होती ना, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पात्रता फेरीची फी आपाने भरली. उरलेल्या पैशांतून एक जुना, १२ अंशांचा ड्रायव्हर मिळतोय असं तो सांगत होता. त्यावर आपा आणि मेव्हण्यांचं अजून एकमत झालेलं नाही. मेव्हण्यांचं म्हणणं घ्यावा. आपा म्हणते, आधी ते तीन ठसे मध्यावर येऊ देत.